भरावावरची सायकल

१० नोव्हेंबर २००७

गेले! ओवाळायचं ताट हातात तसंच राहिलं आणि बाप सायकलवर टांग टाकून पसार. पाडव्याचा दिवस, सकाळी सकाळी. "बाबा, पाच मिनिटं थांबा ना" म्हटलं तर म्हणतात, "ऊन चढते मंग." नोव्हेंबरात कसलं आलंय ऊन!

ताटातला दिवा मीच फुंकला.

ऑगस्टमध्ये मी पुण्याहून दोन बॅगा घेऊन आले, तेव्हापासून हे सुरू आहे. सकाळचा चहा झाला की उत्तमराव मास्तर, वय एकोणसत्तर, अख्ख्या शाळेला कवायत करायला लावून निवृत्त झालेले पीटी मास्तर, आपली जुनी काळी सायकल काढतात आणि जातात. कुठे? "फिरून येतो." कुठे फिरून? "इथंच."

नवरा सोडून आलेली मुलगी सकाळच्या उजेडात बघवत नसेल. सरळ सांगावं ना! मी आले त्या दिवशी एवढंच म्हणाले, "खोली झाडून ठेवली आहे." मग मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. त्यानंतर त्या विषयावर एक अक्षर नाही. चौदा वर्षांचा संसार मोडला आणि बापाकडून काय मिळालं, तर झाडलेली खोली.

११ नोव्हेंबर

भाऊबीज फोनवर झाली. देवानंद नाशिकहून म्हणाला, "फिरू दे ना त्यांना, तब्येत चांगली राहते." लांब राहणाऱ्यांना सगळंच चांगलं दिसतं. मागे त्याच्या बायकोने टीव्हीचा आवाज वाढवला, मग त्याला "ऐकू येत नाही" झालं.

१६ नोव्हेंबर

शेजारच्या जाईबाई वाटीभर चकल्या घेऊन आल्या. चकल्या निमित्त! मऊ पडलेल्या होत्या. खरा माल वेगळाच होता.

"मास्तर रोज थ्या नव्या लाईनीकडे जातेत बाई. कोनाले भेटाले जातेत, मालूम नाही बाप्पा."

आणि पदर तोंडाला लावून असं हसल्या की ती वाटी त्यांच्या डोक्यावर उपडी करावी. साईनगरातल्या बायकांना दुसरा धंदा नाही. मी आले तेव्हाही ह्याच पदराआड माझा घटस्फोट चघळला असणार.

पण झोपताना विचार आलाच. आई जाऊन सहा वर्षं झाली. बाबा आता मोज्यांची जोडी जुळवून घालतात, केस विंचरतात, खिशात रुमाल असतो. बाई असेल?

शी! ह्या वयात!

१८ नोव्हेंबर

जाईबाईंच्याच सुनेची लेडीज सायकल मागून आणली. पुढे जाळीची टोपली, तिच्यात वाळलेला भाजीपाला चिकटलेला. मी कॉलेजनंतर सायकल चालवलेली नाही. कोपऱ्यावरची रिकामटेकडी पोरं हसली. हसा! पदवी घेऊन कठड्यावर बसणाऱ्यांनी तर जरूर हसावं.

बाबा पुढे होते. नरखेडच्या नव्या लाईनचा भराव आमच्या वस्तीच्या मागून जातो. रेल्वे येणार येणार म्हणून कधीपासून नुसती माती आणून टाकतायत, दुमजली घराएवढी उंच. रूळ नाहीत, काही नाही. वर सपाट रस्ता तयार झालाय. बकऱ्या जातात, प्रेमी युगुलं जातात, आणि आमचे पिताश्री.

सायकल ढकलत वर चढले तर छातीचा भाता झाला. पण वरून जे दिसलं ते लिहायलाच हवं.

अमरावती मागून कशी दिसते ते मला आजवर माहीत नव्हतं. समोरून पाहिलं तर प्रत्येक बंगल्याला संगमरवरी पाटी, 'मातृकृपा', 'आशीर्वाद'. मागून पाहिलं तर मातृकृपेची मोरी उघड्या नालीत सोडलेली! गंजलेले कूलर, फुटके कमोड, निवडणुकीची बॅनरं कडब्यावर पांघरलेली. पुढाऱ्याच्या हसऱ्या तोंडावर गोवऱ्या वाळत होत्या. त्याचा एवढा चांगला उपयोग ह्या शहराने दुसरा केलेला नाही. मंगल कार्यालयाच्या मागे पत्रावळींचा डोंगर, त्यावर डुकरं. समोरच्या बाजूला त्याच वेळी सनई वाजत असणार.

सगळं शहर असंच आहे. तोंडाला पावडर आणि पाठीला खरूज.

बाबा मात्र इकडे तिकडे बघत नव्हते. ताठ, मान सरळ, कवायतीसारखे. थोड्या वेळाने ठिपका झाले आणि मी धापा टाकत एका मुरुमाच्या ढिगावर बसले. हरले. एकोणसत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याकडून!

१९ नोव्हेंबर

मांड्या दगड झाल्यात. संडासात बसवत नाही.

२१ नोव्हेंबर

आज शेवटपर्यंत गेले. बाई नाही!

जरा निराशाच झाली, खोटं कशाला लिहू. एवढी तंगडतोड करून काय निघालं, तर वलगावच्या अलीकडे भरावाला लागून संत्र्यांची शेड. मालक गयासुद्दीन म्हणून एक व्यापारी, पन्नाशीचे, दाढी मेंदीने लाल. बाबा त्यांच्याकडे खोक्यावर बसून बशीतून चहा पीत होते. ह्यासाठी रोज एवढी धावपळ? फुकटच्या चहासाठी?

मला पाहून बाबांचा चेहरा पडला.

"रूपा? तू इकडे कावून आली?"

"फिरायला. तुम्ही नाही का फिरत?"

गयासुद्दीन मध्ये पडले. "बसा ना ताई. मास्तरची पोरगी म्हंजे आमचीबी. अगं ए आयशाबी, चहा टाक बरं आनखी!"

आयशाबी म्हणजे त्यांची बायको. संत्री निवडता निवडता उठल्या, माझ्याकडे नीट बघितलं आणि मग नवऱ्याकडे बघितलं. त्या दोघांत काहीतरी बोलणं झालं, न बोलता. मला असली माणसं आवडत नाहीत. चहा गोड मिट्ट होता.

निघताना तर कमाल झाली! गयासुद्दीन बाबांची सायकल स्वतः भरावावर चढवून देतात, हँडल धरून शहराच्या दिशेला वळवतात आणि मग बाबा बसतात. राजेशाही थाट! घरी स्वतःचा पेला विसळत नाहीत ते एक, आणि इथे घोडं धरायला माणूस.

परतताना म्हणाले, "तू उद्यापासून येऊ नोको. धूळ आहे लय."

धूळ!

२९ नोव्हेंबर

पुण्याच्या शाळेचा फोन. प्राथमिकला जागा आहे, नाताळानंतर रुजू व्हा म्हणतात. बरी शाळा आहे. मुलं इंग्रजीत रडतात.

बाबांना सांगितलं. मला वाटलं निदान जेवणातून हात थांबेल. कसलं काय! घास तोंडात असतानाच, "जाय. जाय तू. इथं काय ठेवलं आहे?"

एवढी घाई! वाढदिवसाला लहान मूल फुगा बघतं तसं तोंड झालं होतं. मी ताट उचललं. भाजी त्यांच्या पानात वाढायची राहिली, त्यांनी मागितलीही नाही.

४ डिसेंबर

नागपुरात अधिवेशन, म्हणून इकडे टीव्हीवाल्यांच्या जीपा. वऱ्हाडातला शेतकरी मरतो तेव्हा राजापेठेतल्या लॉजवाल्यांची चांदी होते. चहाच्या टपरीवर गॉगलवाला एक जण फोनवर ओरडत होता, "नाही सर, आज कोणी मिळालं नाही, उद्या दर्यापूर साईडला ट्राय करतो." मिळालं नाही! जसं काही बोरं वेचायला आलाय. मी त्याच्या पायाजवळ थुंकले. चुकून, असं दाखवलं.

८ डिसेंबर

बाबांची बंदी धाब्यावर बसवून मी रोज जाते. त्यांच्यामागे नाही, माझी माझी. आज बडनेऱ्याच्या बाजूला गेले. त्या टोकाला भराव जुन्या लाईनजवळ जातो आणि खाली गाड्या दिसतात. एका घराच्या गच्चीवर एक गृहस्थ हेल्मेट घालून बायकोच्या शिव्या ऐकत उभा होता. का हेल्मेट, देव जाणे. अनुभवी असेल.

ह्या गावाचा मला तिटकारा आहे. पण वरून तिटकारा करायला हवा चांगली असते.

१३ डिसेंबर

भरावावर खडी पडली! डंपर लागले आहेत, सबंध पट्टा दगडांनी भरून टाकलाय. आता रूळ येतील म्हणे. बकऱ्याही बिचकून खाली उतरल्या.

बाबा सायकल घेऊन गेले आणि लगेच परत आले. अंगणात उभे राहिले, सायकल धरून. "खडी टाकून राहिले," एवढंच. तोंड असं, जसं कोणी गेलंय.

मी हसले. "रेल्वे आहे बाबा ती. खडी नाही तर काय गालिचा टाकतील?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग असता तर चाललं असतं. राग नव्हता. काय होतं ते मला कळलं नाही आणि मी ते कळून घ्यायला थांबलेही नाही. डाळ करपत होती.

१५ डिसेंबर

सकाळी गेलेले बाबा दिवेलागणीला आले. संत्र्यांच्या टेम्पोतून! सायकल वर संत्र्यांच्या कॅरेटवर आडवी. गयासुद्दीन स्वतः चालवत होते. बाबांच्या पायजम्याला गुडघ्यापर्यंत गोखरूचे काटे, एका पायात चप्पल नाही.

"पंक्चर झाली होती," बाबा म्हणाले.

मी दोन्ही चाकं दाबून पाहिली. टणक!

"हो ना, पंक्चर," गयासुद्दीन म्हणाले, माझ्याकडे न बघता. निघताना दारात जरा घुटमळले. "ताई, तुमी पुण्याले कदी जानार?"

म्हटलं, "तुम्हालाही घाई आहे का?"

बिचारे खाली मान घालून गेले. बरं झालं. दोघं मिळून कसली तरी थापेबाजी करतायत आणि मी मूर्ख.

१७ डिसेंबर

जाईबाई पदर सावरत धावत आल्या. "टीव्ही लावा, टीव्ही लावा! मास्तर टीव्हीवर!"

लावला. खरंच बाबा! कपाशीच्या वावरात, धुऱ्याच्या बांधावर, हातात सायकल. कॅमेरा त्यांच्या त्या एका अनवाणी पायावर गेला आणि तिथेच थांबला. खाली पट्टी: 'घर शोधणारा शेतकरी'.

मी मोठ्याने हसले. शेतकरी! ह्या माणसाने जन्मात वखर धरलेला नाही. कुंडीतली तुळस वाळवली ह्यांनी. आणि हे शहाणे त्यांना हवालदिल शेतकरी करून देशाला दाखवतायत! मागे सारंगी लावली होती, सारंगी!

मग आवाज ऐकू आला.

"बाबा, कुठून आलात?"

"इकडून."

"घर कुठे आहे तुमचं?"

"थेच तं पाहून राहिलो ना बाबू. लाईन दिसली की घर सापडते. लाईन कोनीकडे आहे? तुमाले दिसून राहिली का लाईन?"

आणि तो गॉगलवाला, तोच, कॅमेऱ्याकडे वळून म्हणाला की विकासाची लाईन वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला आजही दिसलेली नाही. मागे बाबा दोन्ही बाजूंना बघत होते. शाळेच्या पहिल्या दिवशी मुलं बघतात तसे.

माझं हसू कधी थांबलं ते आठवत नाही. जाईबाई मात्र अजून हसत होत्या. त्यांना म्हटलं, "निघा." आयुष्यात पहिल्यांदा ती बाई एका शब्दात निघाली.

बाबा खुर्चीतून उठले, टीव्ही बंद केला. "लोकाईले काही काम नाही," म्हणाले आणि माझ्याकडे पाठ करून कॅलेंडर बघत उभे राहिले. बराच वेळ.

१८ डिसेंबर

शेडवर गेले. गयासुद्दीन समोरच होते. मी सायकल टाकली आणि ओरडले, "किती दिवस माहीत होतं तुम्हाला?"

आयशाबींनी मला खोक्यावर बसवलं, पाणी दिलं. मग नवऱ्याला म्हणाल्या, "आता सांगून टाका. कायले लपवता?"

उन्हाळ्यातली गोष्ट. मी यायच्या आधीची. बाबा वलगाव रस्त्याला, ह्यांच्या शेडसमोर उभे होते, सायकल धरून, दुपार होईपर्यंत. गयासुद्दीन म्हणाले, "म्या इचारलं, मास्तर काय झालं? तं म्हने, 'शहर फिरून गेलं.' म्हटलं, शहर कसं फिरन? म्हने, 'सकाळी निघालो तं इकडे होतं. आता कोनीकडे गेलं, समजून नाही राहिलं.'"

त्या दिवशी त्यांनी घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी बाबा पुन्हा आले. आपणच तोड काढली होती. घरामागून भराव दिसतो, भरावाला फाटे नाहीत. जाताना शहर उजव्या हाताला, परत येताना डाव्या हाताला. रोज गिरवायचं, रोज, म्हणजे निदान एवढा रस्ता तरी डोक्यातून जाणार नाही. पुढे पुढे हात कोणता तेही घोटाळायला लागलं, म्हणून गयासुद्दीन सायकलचं तोंड वळवून द्यायचे. घोडं धरायला माणूस!

"मला का नाही सांगितलंत?"

"त्याइनं कसम घातली ना ताई. म्हने, 'पोरीले समजलं तं थे थांबून जाईन. तिले पुण्याले जाऊ द्या. तिचं एक डाव वाटोळं झालं, आता माह्यापायी नोको.'"

बाबांच्या तोंडची भाषा त्यांच्या तोंडून ऐकताना मी संत्र्यांकडे बघत होते. आयशाबींनी एक सोलून हातात दिलं. खाल्लं. आंबट होतं की गोड, सांगता येणार नाही.

२२ डिसेंबर

अकोल्याला डॉक्टरकडे. बडनेऱ्याहून पॅसेंजर. डब्यात बाबांनी माझ्या पर्सचा पट्टा धरून ठेवला होता, सहज धरल्यासारखा.

डॉक्टरने पेशंट तासन्तास खोळंबवून ठेवले आणि मग आपल्या घड्याळाकडे बघत विचारलं, "आजोबा, आज वार कोणता?"

बाबा म्हणाले, "कावून? तुमाले नाही मालूम?"

मी खोकला आल्यासारखं केलं. डॉक्टर हसला नाही. असल्यांना हसण्याची फी वेगळी पडत असेल. मग मला बाजूला घेऊन जे सांगितलं ते त्याने पाठ केलेलं होतं: हळूहळू वाढेल, गोळ्यांनी फार फरक पडणार नाही, एकटं सोडू नका, कधी कधी माणसं ओळखणार नाहीत. 'बरं का' म्हणून संपवलं.

अकोला स्टेशनवर बाबांना भजी घेतली. "डॉक्टर काय म्हने?" "म्हणे सायकल चालवत राहा." "मंग हुशार आहे," बाबा म्हणाले.

२६ डिसेंबर

देवानंदला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं, तू आहेसच ना तिथे." मग रजा मिळत नाही. मग मुलाची परीक्षा. मी फोन कानापासून लांब धरून त्याला बोलू दिलं. लहानपणी शर्यतीत धाप लागली की पोटात दुखतंय म्हणायचा. पीटी मास्तरांचा मुलगा!

पुण्याला फोन केला. महिनाभराने रुजू झाले तर? नाही जमणार म्हणाले. बरं, म्हटलं. त्या बाईंनी मला नववर्षाच्या शुभेच्छा दिल्या.

जाईबाईंच्या सुनेची सायकल मी परत करणार नाहीये. मागू तर दे.

३ जानेवारी २००८

भरावाच्या पायथ्याने बैलगाडीची वाट आहे, तिथून गेलो, दोघं. बाबा आज पुढे पळत नव्हते, शेजारून चालवत होते. मध्येच म्हणाले, "तुमी रोज येता का बाई इकडे?"

थट्टा वाटली. चेहरा बघितला. थट्टा नव्हती. म्हटलं, "हो, येते."

"चांगलं आहे. माही पोरगी तुमच्याएवढीच हाये, रूपा. नवऱ्याले सोडून आली. आली थ्या दिवशी मी मागच्या खोलीत जाऊन दार लावलं अन् लहान पोरासारखा रडलो. खुशीनं, बाई! म्हटलं, सुटली माही माय. लय हिंमतीची आहे. मी असतो तं मेलो असतो थ्या घरात."

"तिला सांगितलंत का हे?"

"नाही ना. बापाच्या तोंडून निघते का असं?" मग घंटी वाजवून एका बकरीला बाजूला केलं. "तुमाले भेटली कदी, तं सांगजा."

सांगते, म्हटलं.